पन्नास वॅटचं केंद्र आणि तापीकाठची काळी माती

कम्युनिटी रेडिओची मंजुरी आली की संस्थेतले लोक आधी स्टुडिओचं बघतात: पडदे कुठले, काच कुठे, टेबल केवढं. इंजिनिअरनं मात्र त्याच आठवड्यात जागेवर जाऊन माती उकरून बघावी. खानदेशात केंद्र बंद पडतं ते ट्रान्समीटर वाईट निघाला म्हणून क्वचितच. बंद पडतं ते अर्थिंग, वीज आणि ऊन या तिघांपायी. चोपडा-यावल-रावेरचा केळीचा पट्टा असो की साक्रीकडची मुरमाड जमीन, अशा छोट्या केंद्रांची उभारणी आणि देखभाल करताना जे हाताला लागलं ते कामाच्या क्रमानं लिहितो आहे. प्रसारण अभियांत्रिकीत येऊ पाहणाऱ्या डिप्लोमा-डिग्रीच्या पोरांना पुस्तकात हे एका जागी सापडत नाही.

कागदांचं आधी आटोपतो. २००६च्या धोरणानं शिक्षणसंस्थांबरोबर नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओची दारं उघडली. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जातो, इरादापत्र येतं, मग दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या शाखेकडून फ्रिक्वेन्सी आणि टॉवरच्या जागेसाठी ‘सॅकफा’ या समितीची मंजुरी, मग मंत्रालयाशी करार आणि शेवटी वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स. यात इंजिनिअरची खरी जबाबदारी एकच: जागेचे अक्षांश-रेखांश सेकंदापर्यंत बरोबर हवेत आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मोजलेली हवी, नकाशावरून अंदाजानं टाकलेली नको. मंजुरी त्या बिंदूला मिळते. नंतर विश्वस्तांना वाटलं की टॉवर शाळेच्या मागच्या बाजूला बरा दिसेल, तर तो तिकडे नेता येत नाही, कागद पुन्हा फिरवावे लागतात. म्हणून अर्जाआधीच जागेवर खुंटी ठोकायची, तिच्यावर जीपीएस ठेवून आकडा उतरवायचा आणि ती खुंटी काम होईपर्यंत हलू द्यायची नाही.

धोरणातली तांत्रिक मर्यादा सरळ आहे. ईआरपी, म्हणजे केबलचं नुकसान आणि अँटेनाचा फायदा धरून येणारी परिणामी शक्ती, १०० वॅट. अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटरवर आणि कमीत कमी १५ मीटरवर. साधारणपणे ५० वॅटचा ट्रान्समीटर घेतला जातो, आणि इथूनच केबलचा हिशेब सुरू होतो. ३० मीटरचा टॉवर आणि तिथून खोलीपर्यंतचं अंतर धरून ४० मीटर केबल लागते. अर्ध्या इंचाची फोम केबल १०० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सव्वादोन डेसिबलच्या आत खाते (डेसिबल हे घट-वाढीचं माप, ३ डेसिबल म्हणजे निम्मं किंवा दुप्पट), म्हणजे ४० मीटरला जेमतेम ०.९ डेसिबल. ५० वॅटमधले ४१ वॅट वर पोचतात. स्वस्तात पडते म्हणून आरजी-२१३ टाकली तर तेवढ्याच लांबीत अडीच डेसिबलच्या वर जातात आणि अँटेनापर्यंत २७-२८ वॅटच उरतात. बाकीची वीज केबल गरम करण्यात गेली. केबलमध्ये वाचवलेले पैसे असे रोज सकाळी सहापासून जळत राहतात.

डायपोल म्हणजे दोन दांड्यांचा साधा अँटेना. दोन उभे डायपोल एकावर एक लावले की साधारण ३ डेसिबलचा फायदा मिळतो, ४१ वॅटचे ८२ होतात, परवानगीच्या आत. चार डायपोल लावणारा ठेकेदारही भेटतो. त्यात ईआरपी १६० वॅटच्या वर जाते, मग ट्रान्समीटर निम्म्यावर चालवावा लागतो. असा निम्म्यावर चालवणं वाईट नाही, उलट उन्हाळ्यात त्याचा फायदाच होतो, पण मग ते कागदावर तसं लिहिलेलं हवं. डायपोल घेताना तो आपल्याच फ्रिक्वेन्सीला कापलेला आहे का ते बघावं. ९०.४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३.३२ मीटर येते, म्हणजे अर्ध्या लांबीचा डायपोल १.५८ मीटरच्या आसपास. १०७.८ला तोच १.३२ मीटरचा. शहरातल्या दुकानात ‘सगळ्याला चालतो’ म्हणून जो मिळतो तो कशालाच नीट चालत नाही. दोन डायपोलना जोडणाऱ्या फेजिंग केबल्स एकाच रिळातल्या आणि अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. एक जरी हातभर लांब झाली तर सिग्नलचा झोत गावावरून आभाळात किंवा टॉवरच्या पायथ्याशी वळतो आणि मीटरवर काहीच दिसत नाही.

आता माती. तापीच्या खोऱ्यात गाळाची खोल काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, वैशाखात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. टॉवरच्या पायाला हे सोसवत नाही. पाया काळ्या थरातच थांबवला तर दर वर्षी थोडा उचलला जातो, थोडा बसतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत टॉवर कलतो. खाली मुरूम लागेपर्यंत जायचं. मुरूम फारच खोल असेल तर पायथ्याशी फुगीर केलेले खांब, ज्यांना बांधकामवाले अंडर-रीम पाइल म्हणतात, ते घालायचे. तारांनी ताणलेला मास्ट असेल तर प्रत्येक तारेचा नांगर स्वतंत्रपणे हलतो. म्हणून एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर ताण मोजायचा. ताण तारेच्या तुटण्याच्या क्षमतेच्या साधारण १० टक्के ठेवतात. बोटानं तार हलवून ‘बरी आहे’ म्हणणं हे मोजणं नव्हे. टेन्शन मीटर भाड्यानं मिळतो.

अर्थिंगचं तेच. काळी माती ओली असताना विजेची उत्तम वाहक असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये कुणाचंही अर्थिंग पास होतं. मे महिन्यात माती सळईपासून सुटते, मधे हवेची फट राहते आणि तोच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. वळवाचा पाऊस आणि त्याबरोबरचा कडकडाट नेमका तेव्हाच येतो. म्हणून अर्थिंगची तपासणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, खड्ड्यात पाणी न ओतता. ठेकेदार तपासणीच्या आदल्या रात्री टँकर रिकामा करतो ही जुनी युक्ती आहे. खड्ड्याच्या कडेची माती ओली दिसली तर तपासणी चार-पाच दिवस पुढे ढकलावी.

आकड्यांत बोलायचं तर, मातीची रोधकता ३० ओहम-मीटर धरली तर १६ मिलिमीटर जाडीची ३ मीटर सळई एकटी १० ओहमच्या आसपास देते. हीच सळई १५० ओहम-मीटरच्या मुरमात ५० ओहम देते. त्यामुळे गाळाच्या जमिनीत तीन खड्डे पुरतात, साक्रीकडच्या कातळावर तीन खड्ड्यांनी काही होत नाही, तिथे टॉवरभोवती पट्टीचं कडं करून ते बांधापर्यंत किंवा जिथे माती खोल आहे तिथपर्यंत लांबवावं लागतं. दोन खड्ड्यांत सळईच्या दुप्पट, म्हणजे ६ मीटर अंतर हवं. जागा नाही म्हणून ते दोन मीटरवर घेतले तर दुसऱ्या सळईचा पूर्ण फायदा मिळत नाही. कोळसा-मीठ घालायची पद्धत अजून चालते. पण मीठ पावसाबरोबर निघून जातं आणि जाताना जीआय पाइप खाऊन जातं. बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) महाग पडतं, पण ते पाणी धरून ठेवतं आणि भेग पडली तरी सळईला चिकटून राहतं. काळ्या मातीत आम्ही दुसरं काही सुचवत नाही.

मोजताना तीन खुंट्यांची पद्धत. लांबची खुंटी ३० मीटरवर, मधली तिच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरवर. मधली खुंटी दोन मीटर पुढे-मागे करून पुन्हा आकडा घ्यायचा. आकडा फारसा बदलला नाही तरच तो खरा. बदलला तर लांबची खुंटी आणखी लांब न्यायची. टॉवरच्या अर्थला आभाळातल्या विजेच्या दृष्टीनं १० ओहमच्या आतला आकडा चालतो, आम्ही मे महिन्यात ५च्या आत धरतो.

पण नुसत्या कमी ओहमवर विसंबून चालत नाही, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आभाळातून २० किलोअँपिअरची वीज टॉवरवर पडली आणि अर्थ ५ ओहमची असली, तर त्या क्षणी टॉवरच्या पायाचं व्होल्टेज १ लाखावर जातं. मीटरबोर्डाची अर्थ वेगळ्या खड्ड्यात असेल तर तिथे शून्य. या दोघांमधला एकमेव रस्ता तुमच्या ट्रान्समीटरमधून जातो: केबलच्या जाळीतून आत, पॉवर सप्लायमधून बाहेर. ‘टॉवरची अर्थ वेगळी ठेवा, म्हणजे वीज घरात येणार नाही’ हा सल्ला गावोगावच्या वायरमनकडून मिळतो आणि तोच ट्रान्समीटर जाळतो. टॉवर, मीटरबोर्ड, ट्रान्समीटर रॅक, स्टुडिओ, यूपीएस या सगळ्यांच्या अर्थ २५ बाय ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या पट्टीनं जमिनीखाली एकत्र बांधा. सगळं एकदमच लाखावर गेलं आणि एकदमच खाली आलं तर मधे फरक उरत नाही आणि काही जळत नाही. केबलची बाहेरची जाळी वर अँटेनापाशी, खाली वळणाच्या आधी आणि भिंतीतून आत शिरताना, अशी तीन ठिकाणी पट्टीला बांधायची. पट्टीला काटकोनात वाकवायचं नाही, विजेला काटकोन आवडत नाही, ती तिथून उडी मारते. वळण निदान वीतभर गोलाईचं ठेवावं.

विजेच्या पुरवठ्याबद्दल. गावातल्या डीपीवर शेतीचे पंप चालू-बंद होतात, त्यामुळे व्होल्टेज दिवसात १७० ते २६० फिरतं. त्याला सर्वो स्टॅबिलायझर पुरतो. खरा धोका न्यूट्रल सैल होण्याचा. मग एका घरातला बल्ब मंद होतो आणि शेजारच्या घरातला फुटतो, कारण एका फेजवर ३०० व्होल्टच्या वर गेलेलं असतं. सर्वोची मोटर ते पकडायला फार हळू. म्हणून सर्वोच्या आधी एक ओव्हरव्होल्टेज रिले हवा, २६५ व्होल्टला तोडणारा आणि परत जोडायच्या आधी तीन मिनिटं थांबणारा. त्याच्याही आधी, मीटरबोर्डापाशी, सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेजचा अचानक आलेला झटका जमिनीत वळवणारा. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो कामातून गेलेला असतो, पण दिवे-पंखे चालूच असल्यानं कुणी बघत नाही. आठवड्याच्या तपासणीत हा रंग लिहायला लावा.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. ५० वॅटचा ट्रान्समीटर भिंतीतून १०० ते १२० वॅट ओढतो. संगणक, मिक्सर, दिवे, पंखा धरून सगळं ६०० वॅट. ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बँक निम्म्यापर्यंतच उतरवायची ठरवली तर हातात २.४ युनिट, त्यातलं यूपीएसचं नुकसान वजा जाता तीन तास वीस मिनिटं मिळतात. एसी यात धरलेला नाही आणि धरूही नये. सीलबंद लेड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत जिन्याखाली ठेवलेली बँक भुसावळच्या दोन उन्हाळ्यांतच बसते. बॅटऱ्यांना ट्रान्समीटरपेक्षा थंड कोपरा द्या, पण त्याच रॅकखाली नको.

उन्हाबद्दल बाहेरच्या पुरवठादारांशी दर वेळी भांडावं लागतं. त्यांच्या माहितीपत्रकात ‘० ते ४५ अंश’ असं लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४५ होतं, पत्र्याखाली ५० ओलांडतं, आणि ट्रान्समीटरला आत जी हवा मिळते तिचं तापमान मोजायचं असतं, खोलीच्या मधल्या हवेचं नाही. रॅकच्या मागून निघणारी गरम हवा वळसा घालून पुढून परत आत जाते, हे नेहमीचं दुखणं. पुठ्ठ्याचा एक आडवा तुकडा रॅकच्या वर लावून बघा, पुढचं तापमान चार-पाच अंशांनी उतरलं तर तिथे पत्र्याचा कायमचा अडसर बसवा आणि गरम हवेला खिडकीपर्यंत नळ काढा. खोली निवडता येत असेल तर जुनं धाब्याचं घर सोडू नका. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा धाबा, दुपारी दोनला आत जो गारवा असतो तो एसीनं विकत घेता येत नाही, आणि बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाजही त्या भिंती अडवतात. धाब्यावरून पाणी पाझरत नाही ना एवढं मात्र पावसाळ्यात बघून घ्यावं.

एसी लावलाच तर २६वर ठेवावा. १८वर ठेवून जुलैत दार उघडलं की बाहेरची दमट हवा थंड बोर्डावर दव धरते, आणि पॉवर अँप्लिफायरच्या ट्रान्झिस्टरपाशी ते दव म्हणजे शॉर्ट. पंख्याच्या जाळ्या मार्च ते जून दर आठवड्याला काढून झटकायच्या. जिनिंगच्या गावात दिवाळीपासून माघापर्यंत कापसाची तंतुमय धूळ येते, ती हीटसिंकच्या पात्यांत गादीसारखी बसते आणि ब्लोअरनं निघत नाही, ब्रशनंच काढावी लागते. केबल आत येण्याचं भोक रबर आणि जाळीनं बंद करा. पाल त्यातूनच येते आणि उबेला सर्किट बोर्डावर जाऊन बसते.

ट्रान्समीटर पहिल्यांदा सुरू करताना तो अँटेनावर कधीही नाही. ५० ओहमचा, १०० वॅटचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती पचवणारा रोध, लावायचा. आधी ५ वॅट, मग २०, मग ५०, आणि ५०वर पूर्ण दिवस, दुपारचं ऊन धरून. दर तासाला शक्ती, करंट, तापमान लिहायचं. इथे काही पडायचं असेल तर पडू द्यावं, अजून वॉरंटी आहे आणि कुणी ऐकत नाही. स्पेक्ट्रम अॅनालायझर असेल तर दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीला उमटणारा नको असलेला सिग्नल, बघायचा: ९०.४चा १८०.८ला येतो, तो मूळ सिग्नलपेक्षा ६० डेसिबल तरी खाली हवा. १०७.८ मिळालेल्यांनी जास्त काळजी घ्यायची, कारण १०८ पासून विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो.

मग अँटेना. केबलच्या खालच्या टोकाला मोजून व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, १.३च्या आत आला पाहिजे. १.५ला ४ टक्के, म्हणजे ५० मधले २ वॅट परत येतात. २ला ११ टक्के, साडेपाच वॅट, आणि इथे बहुतेक ट्रान्समीटर आपली शक्ती आपण कमी करून घेतात. पहिल्या दिवशीचा आकडा रॅकच्या दारावर रंगानं लिहून ठेवावा. पावसाळ्यात तो १.२चा १.४ झाला, उन्हात परत १.२ झाला, म्हणजे कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आहे. तीन-चार पावसांत ते पाणी केबलच्या फोममध्ये उतरतं आणि मग केबलच बदलावी लागते. म्हणून वरच्या एन कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारा रबर टेप, खालून वर ओढत, पावळीच्या कौलांसारखा अर्धा-अर्धा चढवत, आणि त्यावर उन्हात टिकणारा काळा पीव्हीसी टेप. नुसता पीव्हीसी आमच्या उन्हात एका वर्षात सुटतो. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, पाणी तिथून गळून पडतं.

टॉवरवर चढणाऱ्याच्या खिशात ट्रान्समीटरची किल्ली असली पाहिजे. फोनवरून ‘बंद केलाय’ म्हटलेलं चालत नाही. आणि चढायच्या आधी दुर्बिणीतून वर मोहोळ आहे का ते बघावं. आग्या मोहोळ टॉवरला धरतं, आणि वीस मीटरवर त्याला चुकवायला जागा नसते.

आवाजाकडे वळतो, कारण ट्रान्समीटरवर एवढं करून ऐकणाऱ्याला आवाज फाटका मिळाला तर सगळं वाया. आपल्याकडे एफएमला ५० मायक्रोसेकंदाचा प्री-एम्फसिस असतो. म्हणजे ३.२ किलोहर्ट्झपासून वरचे स्वर ट्रान्समीटर मुद्दाम मोठे करून पाठवतो आणि रेडिओ ते परत लहान करतो, त्यामुळे खरखर दबते. १५ किलोहर्ट्झला ही वाढ जवळपास १४ डेसिबल होते. आता श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी रेकॉर्ड करायला आठ-दहा बायका बसल्या आहेत, एकीच्या हातात टाळ आहे. मिक्सरवरची सुई शून्याच्या खाली आहे, सगळं ठीक दिसतं. पण टाळाची बरीच ताकद वरच्या स्वरांत असते. प्री-एम्फसिसमधून गेल्यावर तीच ७५ किलोहर्ट्झच्या डेव्हिएशनची (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती हलू द्यायची त्याची) मर्यादा ओलांडते आणि रेडिओत ‘छर्र’ असं येतं. अहिराणीत बोलताना ‘स’ आणि ‘च’ जोरात म्हणणाऱ्याचंही तेच होतं. सगळ्यांचा आवाज कमी करणं हा यावर इलाज नव्हे, कारण मग शेतात ट्रॅक्टरवर बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही. ट्रान्समीटरच्या आधी प्री-एम्फसिस ओळखणारा लिमिटर हवा, जो फक्त वरचे स्वर त्या क्षणापुरते दाबतो. आणि टाळवालीला माइकच्या समोरून उठवून बाजूला, दोन हात मागे बसवायचं. माइक गाणाऱ्यांच्या तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरपा. छतावरचा पंखा बंद, खाली गोधड्या. एवढ्यानं निम्मं काम होतं, उरलेलं लिमिटरवर सोडा.

स्टिरिओ की मोनो यावर माझं मत पक्कं आहे: मोनो. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार ग्रामीण भागात १० मीटर उंचीवर मोनोला ४८ आणि स्टिरिओला ५४ डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढा सिग्नल लागतो. ३० मीटरवरून ८२ वॅट सोडले तर सपाट जमिनीवर १० किलोमीटरला साधारण ५७ आणि १५ किलोमीटरला ५० मिळतात. म्हणजे पंधराव्या किलोमीटरच्या गावात मोनो ऐकू येतं, स्टिरिओ खरखरतं. बोलणं, बाजारभाव, हवामान, गाणी, हे सगळं एका स्पीकरच्या रेडिओवर आणि मोबाइलवर ऐकलं जातं. त्यासाठी १९ किलोहर्ट्झचा पायलट, म्हणजे रेडिओला ‘हे स्टिरिओ आहे’ असं सांगणारा स्वर, चालू ठेवून पाच किलोमीटरची गावं गमवायची कशाला? पायलट बंद करा.

हा हिशेब सपाट जमिनीचा. सातपुड्याच्या पायथ्याशी तो कोलमडतो. टेकडीआडच्या पाड्यात, धडगाव-मोलगीकडच्या घळीत, एफएमचा सिग्नल वळून जात नाही. जळगाव आकाशवाणीची मध्यम लहर ९६३ किलोहर्ट्झवर, तिची तरंगलांबी ३११ मीटर, ती जमिनीला धरून डोंगराच्या आडही पोचायची. आपली तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आतली. म्हणून चाचणीसाठी गाडी घेऊन फिरताना गावांच्या यादीत पाडेही घ्यायचे आणि कुठे ऐकू येत नाही ते नकाशावर प्रामाणिकपणे लाल करायचं. डायपोल टॉवरच्या ज्या पायावर लावला त्या बाजूला सिग्नल थोडा जास्त जातो, कारण टॉवर मागून आरशासारखा सिग्नल परतवतो. टॉवर सातपुड्याच्या कुशीत असेल तर डायपोल दक्षिणेच्या, तापीच्या बाजूच्या पायावर लावावा, डोंगरावर वाया घालवू नये.

या कामातलं करिअर कसं पुढे जातं, हेही सांगतो. आकाशवाणीत तंत्रज्ञ, अभियांत्रिकी सहायक, वरिष्ठ सहायक, सहायक अभियंता अशी शिडी आहे. सरकारी सल्लागार कंपनी बेसिल कंत्राटी पद्धतीनं माणसं घेते. खासगी एफएममध्ये एकच टेक्निकल मॅनेजर दोन-तीन शहरं सांभाळतो, तिथे एका टॉवरवर कंबायनर, म्हणजे अनेक ट्रान्समीटर एका अँटेनाला जोडणारं उपकरण, लावून अनेक वाहिन्या चालतात आणि इतरांशी वेळापत्रक जुळवणं हेच मोठं काम होतं. कम्युनिटी रेडिओत मात्र मॅनेजर, वायरमन आणि साउंड रेकॉर्डिस्ट एकच माणूस असतो. शिकायला यासारखी जागा नाही. पगार कमी आहे, हे लपवून उपयोग नाही, आणि संस्थेच्या विश्वस्तांनी त्याची लाज बाळगली पाहिजे. फेब्रुवारी २०२४च्या सुधारित नियमांत तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मुभा आणि १० सेकंदांना ७४ रुपये सरकारी दर आला आहे. त्यातून तंत्रज्ञाचा पगार आधी काढावा, मग बाकीचं.

व्यवस्थापक म्हणून रोज करायचं काम म्हणजे लॉगबुक. सुरू करताना, दुपारी तीनला आणि बंद करताना: पुढे जाणारी शक्ती, परत येणारी शक्ती, हीटसिंकचं तापमान, मेन्सचं व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज. शेवटचा आकडा २ व्होल्टच्या वर गेला तर न्यूट्रल किंवा अर्थ कुठेतरी सुटते आहे. दुपारी तीनचा आकडा मुद्दाम, कारण तेव्हाच सगळं सर्वांत गरम असतं. प्रसारित कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवणं नियमानं बंधनकारक आहे, ते वेगळ्या डिस्कवर, स्टुडिओच्या संगणकावर नाही.

कपाटात ठेवायचे सुटे भाग थोडकेच: ट्रान्समीटरचे दोन पंखे, एक पॉवर सप्लाय, पॉवर अँप्लिफायरचा एक ट्रान्झिस्टर किंवा शक्य असेल तर पूर्ण मॉड्यूल, चार एन कनेक्टर, सर्ज प्रोटेक्टरच्या दोन कांड्या, एक डमी लोड, रबर टेपची रिळं. पंखे एप्रिलच्या आधी मागवावेत, मे महिन्यात सगळ्यांचेच पंखे जातात. यातली कुठलीच वस्तू रविवारी जळगावच्या बाजारात मिळत नाही, आणि ट्रान्समीटर हटकून रविवारीच बसतो.